निष्क्रिय गटातली बाई

"मावशींना तो जुना मास्क द्या."

सर एवढंच म्हणाले. आवाज चढवला नाही. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. समोरच्या कॉम्प्युटरवर डोळे ठेवून, कुणी पंखा बंद करायला सांगावं तसं म्हणाले.

मी पट्ट्यावर उभी होते. पट्टा म्हणजे ट्रेडमिल. आम्ही सफाईच्या बायका तिला पट्टाच म्हणतो. गणवेशाच्या आत छातीला इलॅस्टिक बांधलेलं. पायात कुठल्यातरी खेळाडूने विसरलेले बूट. सायली मॅडमच्या हातात निळा, मऊ, नवा मास्क होता. तो माझ्या तोंडाजवळ आला आणि तिथेच थांबला. कारण काचेजवळच्या सोफ्यावर एका खेळाडूची आई बसली होती आणि तिने विचारलं होतं, "हाच मास्क नंतर मुलांना लावता का?"

तिनेही आवाज चढवला नव्हता. फार सभ्य बाई. तिच्या प्रश्नावर सरांनी उत्तर दिलं नाही, हुकूम दिला. जुना द्या.

त्या सेंटरमधले सगळे मास्क मीच धुते. रोज. गरम पाणी, साबण, छोटा ब्रश, मग औषधाच्या पाण्यात बुडवून ठेवायचे, मग खुंटीवर वाळत घालायचे. म्हणजे तिच्या मुलीच्या तोंडाला लागणारी प्रत्येक वस्तू आधी माझ्या हातातून जायची. हात चालत होते. तोंड चालत नव्हतं.

सायली मॅडमने कपाटाच्या खालच्या खणातून एक पिवळट पडलेला मास्क काढला. रबर कडक झालेलं. माझी जात त्या खोलीत कुणी विचारली नव्हती. विचारायची गरजच नव्हती, अंगावरचा गणवेश पुरला.

मी काय केलं? काही नाही. तोंड पुढे केलं.

हे सेंटर खारघरच्या टेकडीखाली आहे, एका खाजगी कॉलेजचं. नाव सांगत नाही. तिथे खेळाडूंची तपासणी होते. टेनिसवाल्या मुली, पोहणारे, फुटबॉलवाले, सगळे गाड्यांमधून येतात. त्यांच्या अंगात किती हवा जाते, रक्त कसं आहे, उडी किती उंच, झोप किती, सगळं मोजतात. हे एक शास्त्रच आहे म्हणे, खेळाचं शास्त्र. मोठी मोठी मुलं त्यात पदव्या घेतात. मला सुरुवातीला त्या जागेचा अभिमान होता. शेजारणींना सांगायचे, आमच्याकडे माणसाचा दम मोजायचं मशीन आहे. आमच्याकडे म्हणायचे.

मी नावड्याला राहते, कंपन्यांच्या बाजूच्या चाळीत, वरच्या मजल्यावर. आम्ही बीडकडचे. नवरा कळंबोलीच्या लोखंड बाजारातून माल भरून ट्रेलर घेऊन जातो, हैदराबाद, नागपूर, कुठेही. आठवडा आठवडा नसतो. घरी सासू आहे. तिची एक बाजू गेलेली आहे, खाटेवर पडून असते. सकाळी तिचं सगळं आवरून मी निघते, दुपारी शेजारची शोभा डोकावते, अंधार पडायच्या आत मी परत येते. असं ते घर चालतं. त्यामुळे दिवसपाळी ही माझ्यासाठी नुसती पाळी नव्हती. दिवसपाळी गेली तर रात्री सासूला कूस बदलायला कोण? तिच्या पाठीला एकदा जखम झाली होती, ती भरायला किती महिने गेले ते मलाच माहीत.

हे सुपरवायझर म्हात्रेंना चांगलं माहीत होतं. वाईट माणूस नाही. त्यांच्याच वडिलांच्या शेतावर आता टॉवर उभे आहेत आणि ते त्याच टॉवरांना सफाई कामगार पुरवणाऱ्या ठेकेदाराकडे नोकरी करतात. पण नोकरी त्यांनाही टिकवायची होती.

"सर बोलतान तं चढ ना पट्ट्यावं," ते म्हणाले. "धा मिंटांचा काम हाय. नाय बोललीस तं मना तुजा पॉईंट बदलावा लागल. तलोज्याला कंपनीन रातपाली खाली हाय."

ते चहा पीत पीत म्हणाले. म्हणजे धमकीसुद्धा नाही. नुसती माहिती.

माझी निवड कशी झाली तेही सांगते, कारण त्यात माझाही वाटा आहे. सायली मॅडम पीएचडी करत होती. तिला दोन गट हवे होते. एक खेळाडूंचा. दुसरा, जे लोक शरीराला काही कष्टच देत नाहीत अशांचा. त्याला ते निष्क्रिय गट म्हणतात. दोघांची तुलना केली की खेळाने माणसात काय फरक पडतो ते कळतं.

दुपारी मी काचा पुसत होते तेव्हा ती स्टूल घेऊन माझ्याजवळ बसली. हसरी मुलगी, जुईनगरला राहणारी, मला नेहमी ताई म्हणणारी.

"ताई, तुम्ही व्यायाम करता?"

"न्हाई."

"योगा? सकाळी वॉक वगैरे?"

"न्हाई वो मॅडम."

"लहानपणी एखादा खेळ?"

"न्हाई."

"मग फावल्या वेळात काय करता?"

"फावला वेळ म्हंजी?"

ती हसली. मीही हसले. काचेवरचा हात चालूच होता माझा.

मी एकही उत्तर खोटं दिलं नाही. आमच्याकडे व्यायाम म्हणजे तालमीतल्या पोरांचं काम. नाहीतर जिला घरात काडीचं काम नाही अशा बाईचं. व्यायाम करता का, या प्रश्नाला आमच्या वस्तीतली कुठलीही बाई ताठ मानेने नाही म्हणेल. मला तर नाही म्हणताना बरंसुद्धा वाटलं. तिने हे विचारलं नाही की तुम्ही पाणी कुठून भरता. सासूला उचलून बसवता का. पेंधरच्या मेट्रो स्टेशनपर्यंत चालत येता की रिक्षाने. एवढ्या मोठ्या सेंटरची फरशी दिवसातून किती वेळा पुसता. तिच्या प्रश्नांत हे नव्हतंच. विचारलं असतं तर सांगितलं असतं. पण नाही विचारलं, आणि मी निष्क्रिय झाले.

तर मी पट्ट्यावर होते. काचेपलीकडे वर्गातली मुलं-मुली उभी. पोरगेही होते. छातीचं इलॅस्टिक गणवेशातून दिसत होतं, मी ओढणीने झाकायला गेले तर मॅडम म्हणाली, ओढणी काढावी लागेल ताई, अडकेल. काढली. खाली बघत राहिले.

"रेलिंग धरायचं नाही हां. हात मोकळे."

पट्टा हलला. आधी चालणं, मग भरभर चालणं, मग चढ, मग पळणं. मास्कच्या डाव्या कडेतून गालावर थंड हवा लागत होती. श्वास सोडला की गालाजवळ फुस्स व्हायचं. मला वाटलं असंच असेल. मी काय आधी कधी मास्क लावून पळले होते?

खोटं कशाला सांगू, मला मजा आली. लग्न झाल्यापासून मी पळले नव्हते. बाई कशाला पळेल? पळाली तर लोक विचारतात काय झालं, कोण मेलं. इथे पळायची परवानगी होती. समोर भिंत, पायाखाली पट्टा, आणि मी सुटले. काही वेळ सर नव्हते, सोफ्यावरची बाई नव्हती, खाट नव्हती. दम लागला तरी मी थांबायची खूण केली नाही. मॅडमने दोनदा विचारलं, ठीक आहात ना? मी अंगठा दाखवला. शेवटी पाय लटपटले तेव्हाच थांबले. उतरले तेव्हा मला वाटलं आता कुणीतरी म्हणेल, वा ताई.

सर कॉम्प्युटर बघून म्हणाले, "ओके. एक्स्पेक्टेड."

त्याचा अर्थ मी नंतर विचारला. अपेक्षेप्रमाणे.

तो मास्क मीच धुतला. वाळत घालायला गेले तर मॅडम म्हणाली, ताई, त्या कोपऱ्यातल्या खुंटीला लावा, मिक्स नको व्हायला. फार हळू म्हणाली. लाज तिलाही वाटली असावी. पण लाजेने खुंटी बदलत नाही.

काही आठवड्यांनी सेंटरमध्ये कार्यक्रम होता. खेळाडूंचे आईबाप, दुसऱ्या कॉलेजचे लोक, सूटवाले. मी पाण्याच्या बाटल्या वाटत होते. सर पडद्यासमोर बोलत होते. सर बोलतात छान, ऐकत राहावंसं वाटतं.

"खेळाचं शास्त्र हे फक्त मेडल्सचं शास्त्र नाही," ते म्हणाले. "माणसाचं शरीर नीट वाचता आलं तर त्याचा अख्खा समाज वाचता येतो. कोण काय खातं, कोण कसं जगतं, कोणाच्या वाट्याला काय आलं, सगळं शरीरात उतरलेलं असतं."

मला ते पटलं. मी बाटल्यांचा ट्रे धरून मान हलवली. आजही मला ते वाक्य पटतं, हीच तर पंचाईत आहे.

मग पडद्यावर दोन रेषा आल्या. एक हिरवी, वर वर जाणारी. एक लाल, खाली पडलेली.

"मावशी, जरा इकडे या."

मी ट्रे घेऊनच गेले. ठेवायला जागा नव्हती.

"ही लाल रेष या गटाची, आणि मावशी त्यातल्याच एक. वय अडतीस. पण आकडे सांगतात की शरीर साठी ओलांडलेलं आहे. स्टॅमिना जवळजवळ नाहीच." मग ते थोडे थांबले, मवाळ झाले. "आता यात मावशींचा दोष नाही. या वर्गात हालचालीची संस्कृतीच नसते."

लोकांनी माझ्याकडे पाहिलं. वाईट नजरेने नाही. कळवळ्याने. शिवी दिली तर माणूस उलटून देऊ शकतो. कळवळ्याला काय देणार? समोरच्या रांगेतला एक टीशर्टवाला गृहस्थ मला समजावत म्हणाला, "ताई, रोज सकाळी अर्धा तास चालत जा. काही पैसे लागत नाहीत त्याला."

मी त्या सकाळी नावड्याहून पेंधरपर्यंत चालत आले होते. तोंडावर आलं होतं ते.

"व्हय," मी म्हणाले.

व्हय म्हणाले मी. ट्रेमधल्या बाटल्या वाजत होत्या म्हणून तो पोटाशी धरला आणि बाहेर आले.

त्या दिवसापासून मी माझ्या शरीराला घाबरायला लागले. हे कुणाला सांगून कळणार नाही. पाण्याचा कॅन घेऊन जिना चढताना मध्येच थांबायचे आणि छातीवर हात ठेवून ऐकायचे. रात्री सासूला वळवताना दम लागला की वाटायचं, आलं आता. ही खाटेवर, तो हायवेवर, आणि मी जिन्यात मरून पडलेली. शोभाला सासूबद्दल दोन वेळा विचारलं, माझ्यामागं आत्याचं बघशील का गं? ती म्हणाली, येड लागलं का तुला.

नवऱ्याला फोनवर सांगितलं. तो सोलापूरच्या पुढे कुठेतरी ढाब्यावर होता. म्हणाला, "मशीन म्हणतंय तर आसंल. सरकारी दवाखान्यात दाखव."

दाखवलं. अर्ध्या दिवसाची रजा टाकून. डॉक्टरीणबाईने तपासलं, बोटाचं रक्त घेतलं, हृदयाची पट्टी काढली. "हृदय चांगलं आहे तुमचं. रक्त जरा कमी आहे. झोप घेत जा," म्हणाली. माझा विश्वास बसला नाही. तिच्याकडे गळ्यातली नळी आणि जुनं टेबल. सेंटरमध्ये एवढं महागडं मशीन. मी मशीनचं ऐकलं.

आणि एक झालं, ते सगळ्यात वाईट. माझी आई विटभट्टीवर होती. डोक्यावर विटा वाहायची, पोटात मी असतानाही वाहायची म्हणे. ती लवकर गेली. मी आयुष्यभर म्हणत आले की तिला कामाने मारलं, मालकाने मारलं. त्या लाल रेषेनंतर एका रात्री माझ्या मनात आलं, की कदाचित आपलं बीजच कच्चं असेल. आपण माणसंच अशी, जुन्या शरीराची. मालकाला मी मोकळं सोडलं आणि आईला कमजोर ठरवलं. त्यांनी मला माझ्या मेलेल्या आईबद्दल असा विचार करायला लावला. त्याचा राग अजून गेलेला नाही. जाऊही नये.

मग तो दिवस. त्या सोफ्यावरच्या बाईची मुलगी, टेनिसवाली, तपासणीला आली होती. सायली मॅडम सुट्टीवरून नुकतीच आली होती, तिच्या हाताखाली एक नवी विद्यार्थिनी होती. त्या नवीला खुंट्यांचं काही माहीत नव्हतं. तिने कोपऱ्यातला मास्क घेतला आणि त्या मुलीला लावला. मी पलीकडे फरशी पुसत होते. मला दिसलं. मी बोलायला हवं होतं का? मी बोलले नाही. बघितलं फक्त.

मुलगी पळाली. आकडे आले, खाली पडलेले. सर उठून उभे राहिले.

"इम्पॉसिबल," ते म्हणाले. "मास्क बघा."

हे पहिलं वाक्य. मुलीच्या शरीराबद्दल एक अक्षर नाही. मास्क बघा.

त्यांनी स्वतः तो मास्क काढला, उजेडात धरला, बोटाने कड दाबली. डाव्या बाजूला रबर फाटलेलं होतं. तिथून उजेड आत आला.

"हा कोणी लावला? यातून निम्मी हवा बाहेर जातेय. याचे आकडे काय कामाचे? हा तर कधीच फेकायला सांगितला होता मी."

सायली मॅडमने माझ्याकडे बघितलं. एकदाच. मग तिने मान खाली घातली.

मुलीला ज्यूस दिला. तिच्या आईची माफी मागितली. दुसऱ्या दिवशी नव्या मास्कने सगळी तपासणी परत केली आणि हिरवी रेष जिथे हवी तिथे गेली.

मी पोछा तसाच हातात धरून उभी होते. गालावर ती थंड हवा परत लागली मला. मी काही शिकलेली बाई नाही, दहावीला बसले नि तिथेच थांबले. पण एवढं कळायला कशाला शिक्षण लागतं? तिचा आकडा कमी आला तर त्यांनी मास्क बघितला. माझा आकडा कमी आला तर त्यांनी मला बघितलं. आणि तो फाटका मास्क मला मिळालाच का, तर माझ्या तोंडाला लागलेला दुसऱ्या कुणी लावू नये म्हणून. आधी मला वेगळं काढलं. वेगळं काढल्यामुळे मी कमी भरले. मग म्हणाले, बघा, ही वेगळीच आहे.

आमच्या आज्या-पणज्यांबरोबर हेच केलं असणार. फक्त तेव्हा मशीन नव्हतं.

संध्याकाळी मॅडम मास्क धुवायच्या बेसिनपाशी आली. स्वतःच आली. नळ उगाच चालू केला.

"ताई, मी तुम्हाला सांगणार होते."

"कवा?"

तिने नळ अजून मोठा केला.

"तुमाला ठाव होतं?"

"डाउट होता. तुम्ही पट्ट्यावर खूप वेळ टिकला होतात. वेळ आणि आकडा जुळत नव्हते. मी सरांना म्हटलंही. ते म्हणाले, रेलिंग धरलं असेल त्यांनी."

"म्या रेलिंग धरलं न्हवतं. तुमीच म्हणला होता धरू नगा."

"हो. माहितीये मला."

"मंग सांगितलं का न्हाई?"

"ते माझे गाइड आहेत, ताई."

नळ वाहत होता. मी बंद केला. पाणी वाया गेलेलं मला बघवत नाही.

मग मी तो प्रश्न विचारला, जो मला मास्क फाटका दिसल्यापासून खात होता. "दुसऱ्या गटात अजून बाया हुत्या. कँटीनवाली, दोन वॉचमनच्या बायका, बागेतल्या. त्यांना कोन्ता दिला हुता?"

ती रडायला लागली. उत्तर मिळालं. सगळ्यांना तोच. ती सगळी लाल रेष त्या एका भोकाची होती.

"आसं करा, माझी तपासनी परत घ्या," मी म्हणाले. "चांगल्या मास्कमधी. मी येते. उपाशी ये म्हणाल तर उपाशी येते."

ती म्हणाली विचारते. मी वाट बघितली. रोज तिच्या तोंडाकडे बघायचे. तिने विचारलं, हे तिचं श्रेय. सरांचं उत्तर घेऊन आली ते तिने दुसरीकडे बघत सांगितलं. परत घ्यायची गरज नाही. आकडे अपेक्षेप्रमाणेच आहेत. गटाची सरासरी असते, एका बाईने फरक पडत नाही. लेख छापायलाही पाठवून झाला आहे.

"फरक पडत न्हाई तर काढून टाका माझा आकडा."

"काढता येत नाही, ताई. गट लहान होतो."

म्हणजे मी असून फरक पडत नाही आणि नसून चालत नाही. मी हसले. दुसरं काय करणार. मॅडमला वाटलं मी सोडून दिलं.

मीही तसंच समजत होते. सोडलंच होतं. दिवसपाळी होती, सासू होती. मास्क धूत होते. कोपऱ्यातल्या खुंटीवर आता काही नव्हतं, खुंटी मात्र तशीच होती. गिळून टाकायची सवय अंगात मुरलेली असते, ती कुठल्या मशीनवर दिसत नाही.

पण त्यांना अजून बायका हव्या होत्या. पुढचा अभ्यास, मोठा गट. म्हात्रेंनी मला सरांच्या केबिनमध्ये नेलं. सर चांगल्या मूडमध्ये होते. बसा म्हणाले. मी पहिल्यांदा त्या खुर्चीवर बसले.

"मावशी, तुमच्या तिकडच्या बायका आणायच्या. वीस-पंचवीस. घरी बसणाऱ्या. गाडी पाठवू, नाश्ता देऊ. तुमची ओळख आहे, तुमचं ऐकतील."

तुमचं ऐकतील. त्यांना बरोबर माहीत होतं. शोभा येईल, शोभाची जाऊ येईल, पापड लाटणारी ती म्हातारी येईल. गाडीत बसायला मिळतंय म्हणून आनंदाने येतील. सगळ्या प्रश्नांना ताठ मानेने नाही म्हणतील. मग त्यांना कुणीतरी पडद्यासमोर उभं करून सांगेल की तुमचं शरीर साठी ओलांडलेलं आहे, आणि त्या रात्री जिन्यात थांबून छातीवर हात ठेवतील. माझ्या शब्दावर.

मी खुर्चीवरून उठले.

"न्हाई आणणार," मी म्हणाले.

"का?"

"आदी त्यो लाल रेषेचा लेख माघारी घ्या. मास्क फाटका व्हता आसं लिवा."

सरांनी म्हात्रेंकडे बघितलं. म्हात्रेंनी जमिनीकडे बघितलं.

"हे कोणी सांगितलं तुम्हाला?"

मी मॅडमचं नाव घेतलं नाही. "माज्या गालाला लागत होती हवा," म्हणाले. "माला कुनी कशाला सांगाया पायजे?"

"मावशी, हे शास्त्र आहे. तुम्हाला यातलं कळत नाही." ते अजूनही मवाळच होते. "एक साधं काम सांगतोय. विचार करा."

"केला. न्हाई आणणार."

बाहेर आल्यावर म्हात्रे जिन्यात थांबले. "कशाला बोललीस गो? माज्या हातान काय नाय रावला आता." त्यांचं तोंड खरंच उतरलं होतं. संध्याकाळी त्यांचा निरोप आला. सोमवारपासून तळोजा, रातपाळी.

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. मॅडम त्या दिवशी लवकर घरी गेली होती. लेख छापून आला, असं नंतर कळलं. माझा आकडा त्यात आहे. तो बाहेर काढायची ताकद माझ्यात नाही, आणि कुठे जाऊन काढायचा तेही मला कळत नाही. एकदा कॉलेजच्या ऑफिसात गेले होते. तिथल्या बाईने विचारलं, तुम्ही कोण? मी म्हणाले, निष्क्रिय गटातली. तिने मला वेडी समजून बाकावर बसवलं आणि ऑफिस बंद होईपर्यंत बसवून ठेवलं.

आता रात्री शोभा सासूजवळ झोपते. तिला झोप लागली की सासू एकाच कुशीवर राहते. पाठीवर परत लाल चट्टा उठलाय. मी सकाळी येते, तो बघते, हळद-तेल लावते, नि रडायचं असेल तर तेव्हाच रडून घेते. माझ्या एका नाहीची किंमत त्या पाठीवर पडली आहे. सासूला मी सगळं सांगितलं. तिची जीभ जड आहे, तिला नीट बोलता येत नाही. ती काय म्हणाली ते मला समजलं नाही, आणि समजलं असं सांगून मी स्वतःची समजूत घालणार नाही.

आणि बायका गेल्याच. म्हात्रेंनी दुसऱ्या कुणाकडून तरी निरोप दिला. गाडी चाळीच्या तोंडाशी आली, मी कामावरून येऊन झोपले होते. सहा-सात जणी बसून गेल्यासुद्धा. दुपारी नाश्त्याचे डबे घेऊन परत आल्या. शोभाची जाऊ सांगत होती, पळायला लावलं बाई, काय हसलो आम्ही. मी विचारलं, व्यायाम करता का विचारलं? ती म्हणाली, हो की. मग काय सांगितलंस? ती म्हणाली, नाही म्हटलं, आपण कुठं व्यायाम करतो?

मला तिच्यावर ओरडायचं होतं. ओरडले नाही. तिला माझ्या खोलीत बसवलं. सकाळी उठल्यापासून काय काय केलंस ते सांग, म्हटलं. ती सांगत गेली आणि सांगता सांगता तिचंच हसू कमी होत गेलं.

पुढच्या आठवड्यात गाडी परत येणार आहे, उरलेल्या बायकांना न्यायला. त्या दिवशी मी झोपणार नाही. रातपाळी संपली की घरी न येता थेट खारघरला, त्या गेटवर जाणार आहे. मला आत सोडणार नाहीत हे माहीत आहे. आत जायचंच नाही मला. चाळीत सांगितलेलं चाळीतच राहतं, म्हणून तिथेच. गाडी गेटवर थांबते, तिथे बायका उतरायच्या आधी मी दारात उभी राहणार आणि माझ्या बाबतीत काय केलं ते सगळं, सरांचं नाव घेऊन, मोठ्याने सांगणार. ऐकूनही ज्या आत जातील त्यांना मी अडवणार नाही. वॉचमन हात धरेल, म्हात्रे हात जोडतील. तळोज्याची नोकरीही जाईल, बहुतेक त्याच दिवशी. जाऊ दे. सगळं सांगून होईपर्यंत मी त्या गाडीचं दार सोडणार नाही.